आकाशाची साक्ष : जालन्याच्या गच्चीवरून अवकाशयानांचा माग

२ एप्रिल २०२२, शनिवार. दिवसा गुढीपाडवा साजरा झाला होता आणि संध्याकाळी रमजानचा चाँद पाहण्यासाठी गावोगावी माणसे गच्च्यांवर, मैदानांत, मशिदींच्या आवारात पश्चिमेकडे नजर लावून उभी होती. चाँद दिसला. मुबारकबाद झाली आणि घरोघरी इशाची व पहिल्या तरावीहची तयारी सुरू झाली. तेवढ्यात, पावणेआठच्या सुमारास, विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्याच्या आकाशातून पेटलेल्या तुकड्यांची एक लांबलचक रांग सरकत गेली. ज्यांच्या हातात मोबाइल होता त्यांनी व्हिडिओ काढले. पुढच्या तासाभरात ते व्हिडिओ सगळीकडे फिरले आणि त्यांच्यासोबत अफवाही फिरल्या. कोणी विमान पेटले म्हणाले, कोणी क्षेपणास्त्र म्हणाले, कोणी उल्कापात. काही घरांत तर लहान मुले रडू लागली.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, त्याच रात्री धातूचे सुमारे तीन मीटर व्यासाचे एक कडे येऊन पडले. आसपासच्या परिसरात धातूचे पोकळ गोळेही सापडले. कोणाला इजा झाली नाही, हे अल्लाहचे शुक्र. कडे पोलीस ठाण्यात नेऊन ठेवले गेले आणि पुढे इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन पाहणी केली. उपग्रहांच्या कक्षांची नोंद ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते ते जळत गेलेले यान म्हणजे चीनच्या ‘चांग झेंग ३-बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो उडाला, उपग्रह सोडून मोकळा झाला आणि कक्षेतच फिरत राहिला. पृथ्वीजवळून जाताना विरळ हवेचे घर्षण त्याची कक्षा थोडी थोडी लहान करत गेले. एक दिवस तो खाली आला, आणि तो दिवस नेमका आपल्या चाँदरातीचा निघाला.

त्या संध्याकाळी एकाच आकाशात दोन गोष्टी दिसल्या. चाँदच्या बाबतीत आपल्याला काय करायचे ते पक्के ठाऊक होते. रुयत-ए-हिलाल कमिटीपुढे साक्ष द्यायला कोणी गेला की त्याला विचारतात: कुठून पाहिला, किती वाजता पाहिला, क्षितिजापासून किती वर होता, कोर कोणत्या बाजूला वळलेली होती? ‘दिसला’ एवढ्यावर भागत नाही. मात्र जळत्या रॉकेटबद्दल यातला एकही प्रश्न आपण एकमेकांना विचारला नाही. वेळ, दिशा आणि उंची या तीन गोष्टी ज्याने लिहून ठेवल्या, त्याचे पाहणे कामाचे ठरते. आकाशात फिरणाऱ्या यानांचा माग काढण्याचे सगळे शास्त्र या तीन प्रश्नांवर उभे आहे. ते आपल्या गच्चीवरून, घरातल्या मुलामुलींना सोबत घेऊन कसे करता येते, हे सांगण्यासाठी हा लेख आम्ही लिहीत आहोत.

वर काय काय फिरते आहे

माणसाने पाठवलेला पहिला उपग्रह स्पुटनिक ४ ऑक्टोबर १९५७ रोजी उडाला. आज दहा सेंटिमीटरपेक्षा मोठ्या अशा तीस हजारांहून अधिक वस्तू पृथ्वीभोवती फिरत आहेत. त्यात चालू उपग्रह आहेत, बंद पडलेले आहेत, रॉकेटचे रिकामे टप्पे आहेत आणि टकरी-स्फोटांतून उरलेला भंगारही आहे.

हौशी माणसाच्या दृष्टीने यातले सगळ्यात मोठे आणि ठळक यान म्हणजे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. त्याचा पहिला भाग नोव्हेंबर १९९८ मध्ये वर गेला आणि २ नोव्हेंबर २००० पासून तिथे माणसांचा मुक्काम अखंड चालू आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते १०९ मीटर लांब आहे, म्हणजे फुटबॉलच्या मैदानाएवढे. वजन चारशे टनांच्या वर. जमिनीपासून सुमारे ४०० ते ४२० किलोमीटर उंचीवरून ते ताशी सुमारे २७,६०० किलोमीटर वेगाने जाते आणि साधारण ९३ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी मारते. चीनचे ‘तियानगोंग’ स्थानक त्याहून लहान आहे, पण तेही जालन्यातून नुसत्या डोळ्यांनी दिसते. १९९० साली सोडलेली हबल दुर्बीण विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साडेअठ्ठावीस अंशांपर्यंतच फिरते. युरोपातल्या बहुतेक लोकांना ती दिसत नाही. आपण १९.८ अंश अक्षांशावर राहतो, त्यामुळे ती आपल्या थेट डोक्यावरूनही जाऊ शकते. २०१९ पासून स्टारलिंक उपग्रहांच्या ‘आगगाड्या’ही दिसू लागल्या आहेत. एका ओळीत, सारख्या अंतरावर चालणारे ते दिवे पाहून घाबरण्याचे कारण नाही.

स्थानकात माणसे असतात, हे ऐकले की मुलांचेच काय, मोठ्यांचेही डोळे मोठे होतात. जालन्यात एका गच्चीवर आम्ही मोहल्ल्यातल्या मुलांना स्थानक दाखवत होतो. तो दिवा डोक्यावरून जाताना एका दादीने विचारले, “क्या रे, उसमें लोगां हैं क्या?” आहेत म्हटल्यावर त्यांनी हात वर करून दुआ मागितली. ऑक्टोबर २००७ मध्ये मलेशियाचे डॉक्टर शेख मुझफ्फर शुकोर रमजानच्या दिवसांतच तिथे पोचले आणि ईदला ते तिथेच होते. दिवसातून पंधरा-सोळा वेळा सूर्य उगवतो तिथे नमाजच्या वेळा कशा धरायच्या, यासाठी मलेशियाच्या उलेमांनी आधी मार्गदर्शिका तयार केली होती आणि यान जिथून उडाले त्या ठिकाणची वेळ धरायला सांगितले होते. जून-जुलै २०२५ मध्ये आपले शुभांशू शुक्ला तिथे राहून आले. तो ऐन पावसाळा होता. महाराष्ट्रात कित्येकांना ढगांमुळे त्या दिवसांत स्थानक दिसलेच नाही.

मगरिब ते इशा

स्थानकाला स्वतःचा दिवा नाही. त्याच्या धातूवर आणि सौर पंखांवर पडलेले ऊन आपल्याला दिसते. म्हणून दोन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात: आपल्याकडे अंधार हवा आणि चारशे किलोमीटरवर ऊन हवे. दिवसा आपल्याकडेही ऊन असते म्हणून ते दिसत नाही. मध्यरात्री वरही पृथ्वीची सावली असते म्हणून दिसत नाही.

मग केव्हा दिसते? थोडा हिशेब करू. स्थानक बरोबर डोक्यावर असेल, तर सूर्य क्षितिजाखाली सुमारे २० अंश जाईपर्यंत त्याच्यावर ऊन राहते. आपल्याकडे बहुतेक वेळापत्रकांत इशाची वेळ सूर्य १८ अंश खाली गेल्यावर धरतात. म्हणजे स्थानक पाहण्याची वेळ जवळजवळ मगरिब ते इशा एवढीच, इशाच्या फार तर थोडी पुढे. तसेच पहाटे, फजरची वेळ सुरू होण्याच्या किंचित आधीपासून आकाश उजळेपर्यंत. मशिदीत टांगलेले नमाजचे वेळापत्रक पाहिले की आज आकाशात कधी नजर टाकायची हे कळते. मगरिबनंतर पहिली वीस-पंचवीस मिनिटे उजेड जास्त असतो, तेवढी सोडून द्यावीत.

याच कारणाने कधी कधी एक गंमत होते. स्थानक ठळकपणे वर चढते आणि आकाशाच्या मध्यावरच तांबूस होऊन विझून जाते. ते पृथ्वीच्या सावलीत शिरलेले असते. मुलांना हे आवर्जून दाखवावे. भूगोलाच्या पुस्तकातली पृथ्वीची सावली त्यांना डोळ्यांसमोर दिसते.

स्थानक रोज दिसत नाही. काही दिवस सलग संध्याकाळी, काही दिवस पहाटे, मध्येच खंड, असे त्याचे चालते. जालना जिल्ह्यात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. उन्हाळ्यात धूळ असते, पावसाळ्यात ढग.

किब्ला ठाऊक, म्हणजे दिशा ठाऊक

स्थानकाच्या फेऱ्यांचे वेळापत्रक मोबाइलवर फुकट मिळते. ‘हेवन्स अबव्ह’ हे त्यासाठीचे जुने आणि भरवशाचे साधन आहे. नासाचेही ‘स्पॉट द स्टेशन’ आहे. त्यात आपले ठिकाण अचूक भरावे लागते. जालना, परतूर, अंबड, भोकरदन, जे आपले गाव असेल ते. मग एक तक्ता येतो: तारीख, उगवण्याची वेळ, दिशा, सर्वांत जास्त उंची किती अंश, मावळण्याची वेळ आणि प्रत, म्हणजे तेज. तेजाचा आकडा जितका लहान तितकी वस्तू ठळक. उणे असेल तर फारच ठळक. डोक्यावरून जाणारे स्थानक शुक्राच्या जवळपास पोचते.

दिशेसाठी आपल्या घरात एक होकायंत्र आधीच असते. जालन्याहून किब्ला नेमक्या पश्चिमेपासून सुमारे ९ अंश उत्तरेकडे आहे. हात लांब करून मूठ डोळ्यासमोर धरली तर ती साधारण १० अंश भरते. म्हणजे जानमाजवर उभे राहून एक मूठ डावीकडे सरकले की बरोबर पश्चिम. उंचीही मुठीनेच मोजायची: क्षितिजापासून एकावर एक तीन मुठी म्हणजे ३० अंश, नऊ मुठी म्हणजे माथा.

स्थानक नेहमी पश्चिमेकडच्या बाजूने उगवते. कधी वायव्येकडून आग्नेयेकडे जाते, कधी नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे. विमानासारखे त्याचे दिवे लुकलुकत नाहीत, लाल-हिरवे नसतात, आवाज येत नाही. एकसारखा पांढरट पिवळा ठिपका सुमारे सहा मिनिटांत आकाश पार करतो.

जाताना तो कोणत्या ताऱ्याजवळून गेला हे लक्षात ठेवता आले तर नोंद आणखी पक्की होते. त्यासाठी आठ-दहा ठळक तारे ओळखता आले की पुरे. यातली कित्येक नावे आपल्या कानांना परकी वाटणार नाहीत. श्रवण ताऱ्याला जगभर ‘अल्तैर’ म्हणतात, अभिजितला ‘वेगा’, रोहिणीला ‘अल्देबरान’. ही सगळी अरबीतून गेलेली नावे आहेत. दहाव्या शतकात अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी ताऱ्यांची जागा, तेज आणि रंग तपासून जो ग्रंथ लिहिला, त्यातून अशी अनेक नावे पुढे युरोपात पोचली. तारे जागेवर राहतात, म्हणूनच पळणाऱ्या यानाची जागा त्यांच्यावरून सांगता येते.

वहीतला तक्ता

एक साधी शाळेची वही घ्या आणि पाच रकाने आखा: तारीख, वेळ, दिशा, उंची, शेरा. वेळ मोबाइलवरची सेकंदासह लिहावी. हे काम दहा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला सोपवले तर उत्तम. एक जण आकाश पाहतो, दुसरा घड्याळ वाचतो, तिसरा लिहितो. महिनाभरात मुलांच्या लक्षात येते की तक्त्यातली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ काही सेकंदांच्या फरकाने जुळते. चारशे किलोमीटरवरची, ताशी हजारो किलोमीटर धावणारी वस्तू आणि तिचा हिशेब असा तंतोतंत! गणिताची भीती घालवायला याहून चांगला उपाय आम्हाला माहीत नाही.

हीच सवय असेल तर २ एप्रिलसारखी रात्र पुन्हा आली तरी घर गोंधळत नाही. साधी उल्का काही सेकंदांत विझते. कक्षेतून पडणारे यान मात्र तुलनेने संथ चालते. मिनिटभर किंवा जास्त दिसते आणि त्याचे तुकडे एकामागोमाग एकाच मार्गाने जातात. एवढे ठाऊक असले की ‘क्षेपणास्त्र’ म्हणून आलेला निरोप पुढे पाठवण्याआधी बोट थांबते. आणि शेतात असा तुकडा सापडलाच, तर हात लावू नये. रॉकेटच्या टाक्यांत विषारी इंधनाचा अंश राहिलेला असू शकतो. मुलांना आणि जनावरांना लांब ठेवून पोलिसांना किंवा तहसील कार्यालयाला कळवावे.

फोटो : तीन पायऱ्या

*पहिली पायरी, मोबाइल.* तिपाई हवी. नसेल तर विटांच्या आधाराने मोबाइल घट्ट बसवावा. कॅमेऱ्याच्या ‘प्रो’ मोडमध्ये शटर दहा ते पंधरा सेकंद, आयएसओ दोनशे ते चारशे, फोकस अनंतावर. बटण दाबताना हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. स्थानकाची प्रकाशाची रेघ उमटते. खाली मशिदीचा मिनार किंवा चिंचेचे झाड आले तर फोटो अधिक देखणा होतो. जालना शहरात पोलाद कारखान्यांचा आणि रस्त्यांचा उजेड फार आहे, तिथे शटर कमी ठेवावे. घनसावंगी, मंठ्याकडच्या गावांत आकाश बरेच काळे मिळते.

*दुसरी पायरी, चंद्रावरून जाताना.* कधी कधी स्थानक पूर्ण चंद्राच्या तोंडावरून पार होते. हा प्रवास अर्ध्या ते दोन सेकंदांत संपतो, म्हणून फोटो न काढता व्हिडिओ घ्यावा. कधी, कुठून दिसेल हे ‘ट्रान्झिट फाइंडर’ सांगतो. मात्र ज्या पट्ट्यातून हे दिसते तो अवघा काही किलोमीटर रुंद असतो. जालना शहरातल्या माणसाला दिसले तर वीसेक किलोमीटरवरच्या बदनापुरात ते दिसणारच नाही. म्हणून दुर्बीण मोटारसायकलवर बांधून पट्ट्याच्या मध्यावर जाऊन उभे राहावे लागते. फ्रान्सच्या थिएरी लेगो यांनी मे २००९ मध्ये फ्लोरिडातून अटलांटिस यान आणि हबल दुर्बीण सूर्यबिंबावरून जाताना टिपली, तीही अशीच जागा शोधून. पण सूर्यासमोरचे फोटो नवख्यांनी घेऊ नयेत. दुर्बिणीच्या तोंडाला खास सौर फिल्टर नसताना सूर्याकडे पाहिले तर डोळा क्षणात कायमचा जातो. मुलांच्या हाती दुर्बीण दिवसा देऊच नये.

*तिसरी पायरी, दुर्बिणीतून.* डोक्यावरून जाताना स्थानकाचे बिंब गुरू ग्रहाच्या बिंबापेक्षाही थोडे मोठे असते. ज्या दुर्बिणीतून गुरूवरचे पट्टे दिसतात, तिच्यातून स्थानकाचा आकारही दिसलाच पाहिजे. अडचण त्याच्या वेगाची आहे. माथ्यावर ते सेकंदाला एक अंश सरकते, म्हणजे सेकंदात चंद्राच्या दोन बिंबांएवढे. साध्या दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रातून ते एका सेकंदात निघून जाते.

सहा किंवा आठ इंची आरशाची, हाताने फिरवायची डॉब्सोनियन दुर्बीण या कामाला पुरते. सहा इंचीची किंमत चांगल्या मोबाइल फोनच्या आसपास असते. पाचशे पट मोठे दिसेल अशी जाहिरात असलेली, लटपटत्या तिपाईवरची खेळण्यातली दुर्बीण घेऊ नये. तेवढ्या पैशांत १० बाय ५० ची द्विनेत्री जास्त उपयोगी.

काम असे करायचे. अर्धा तास आधी दुर्बीण गच्चीवर मांडावी, म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होतो. फाइंडर, म्हणजे नळीवरची लहान नेम धरायची दुर्बीण, मोठ्या दुर्बिणीशी अगदी तंतोतंत जुळवून घ्यावी. सगळे यश या जुळणीवर आहे. गुरूवर किंवा एखाद्या ठळक ताऱ्यावर फोकस करून तो तसाच ठेवावा, नंतर हात लावू नये. सर्वांत कमी शक्तीचा आयपीस लावून त्यावर पकडीने मोबाइल बसवावा. उजेडाचे प्रमाण हाताने बरेच कमी करून कुलूपबंद करावे, नाहीतर स्थानक पांढऱ्या डागासारखे येते. स्लो-मोशन व्हिडिओ सुरू करावा.

मग दोघे लागतात. एक जण फाइंडरमध्ये डोळा लावून नळी फिरवतो, दुसरा व्हिडिओवर लक्ष ठेवतो. धावत्या स्थानकामागे एकसारखी नळी फिरवणे जमेपर्यंत आम्ही दुसरी पद्धत सुचवतो: स्थानकाच्या पुढे जाऊन नळी थांबवावी, त्याला दृष्टिक्षेत्र पार करू द्यावे, पुन्हा पुढे जाऊन थांबावे. एका फेरीत असे सात-आठ वेळा जमते. अगदी माथ्यावरून जाणारी फेरी डॉब्सोनियनला अवघड जाते, कारण तिथे नळी गोल वळवावी लागते. चाळीस ते सत्तर अंश उंचीची फेरी निवडावी.

घरात येऊन व्हिडिओ एकेक चौकट करत पाहावा. शेकडो चौकटी रिकाम्या निघतात, कित्येक धूसर निघतात. पण पाच-दहा चौकटींत मधला दांडा आणि दोन्ही बाजूंचे तांबूस सौर पंख स्पष्ट येतात. पंख सुमारे ३५ मीटर लांब आहेत. सहा इंची दुर्बीण चारशे किलोमीटरवरचा दीड मीटरचा तपशील तत्त्वतः दाखवू शकते. प्रत्यक्षात हवेच्या थरथरीमुळे त्याहून कमी दिसते. अवकाशवीर दिसणार नाहीत. पण तो ठिपका नसून माणसाने बांधलेले घर आहे, हे आपल्या गच्चीवरून, आपल्या हाताने काढलेल्या चित्रात दिसते.

हौशी लोकांचे काम

‘मोठ्या संस्था असताना आपण काय करणार?’ असे कोणाला वाटेल. अमेरिकेत स्पुटनिक उडण्याच्या आधीच, १९५६ मध्ये, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी ‘मूनवॉच’ नावाची मोहीम उभी केली. शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी, दुकानदार लहान दुर्बिणी घेऊन उपग्रहांच्या वेळा टिपत. सप्टेंबर १९६२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅनिटोवॉक गावाच्या रस्त्यात रशियन यानाचा सुमारे नऊ किलोचा तुकडा सापडला, तेव्हा मिलवॉकीच्या मूनवॉच गटाने ते यान जळताना पाहिलेले होते. लाडबोरीच्या साठ वर्षे आधीची ही गोष्ट. आपल्या देशातही नैनितालच्या वेधशाळेत १९५८ पासून बेकर-नन कॅमेऱ्याने उपग्रहांचे वेध घेतले जात. अलीकडे, जानेवारी २०१८ मध्ये, नासाचा २००५ पासून मुका झालेला ‘इमेज’ उपग्रह पुन्हा बोलतो आहे, हे कॅनडातल्या स्कॉट टिली या हौशी माणसाने घरच्या रेडिओवर ओळखले.

आपला जालना १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्याच हैदराबादेत नवाब जफर जंग यांनी हौसेपोटी इंग्लंडहून पंधरा इंची दुर्बीण आणवली होती. १९०८ मध्ये निजाम सरकारने त्यांची वेधशाळा ताब्यात घेतली आणि ती निजामिया वेधशाळा झाली. जगभरातल्या वेधशाळांनी मिळून ताऱ्यांची जी मोठी सूची केली, तिच्यातला आपला वाटा या वेधशाळेने उचलला. एका हौशी माणसाच्या दुर्बिणीतून ही संस्था उभी राहिली. महाराष्ट्रात पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून, तर मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून हौशी लोकांना आकाश शिकवत आहे. शेजारी छत्रपती संभाजीनगरात एमजीएमचे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाचे विज्ञान केंद्र आहे. शाळेची सहल काढायची असेल तर तिथवरचा रस्ता दीड-दोन तासांचा.

गच्ची, शेजारी आणि मुली

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. मोहल्ल्यात घरे खेटून असतात. गच्चीवर दुर्बीण चढली की शेजारच्या घरात प्रश्न उठणारच. म्हणून पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांना सांगावे, बोलवावे, सगळ्यात आधी त्यांच्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना चंद्र दाखवावा. चंद्राचे खड्डे एकदा पाहिले की त्यानंतर कोणी संशय घेत नाही, उलट पुढची फेरी कधी आहे हे विचारायला लोक येतात.

दुसरे, हा छंद मुलींना घरच्या घरी करता येतो. संध्याकाळनंतर बाहेर पाठवायला आईवडील कचरतात, पण गच्ची घरातलीच असते. आमच्या गच्चीवर वही सगळ्यात नेटकी ठेवते ती आठवीतली मुलगी. फाइंडर जुळवायला तिला आता कोणाची मदत लागत नाही, आणि वेळ सांगण्यात भावाची एका सेकंदाची चूकही ती खपवून घेत नाही. जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत दुर्बीण नाही. चार घरांनी मिळून एक घेतली तर ती शुक्रवारी मदरशात आणि शनिवारी शाळेतही नेता येते.

घाई करण्यासारखे कारणही आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक म्हातारे झाले आहे. २०३० नंतर ते ठरवून खाली आणायचे आणि दक्षिण पॅसिफिक महासागरात, वस्तीपासून दूर, बुडवायचे असे नियोजन आहे. त्यासाठी लागणारे यान बनवण्याचे काम नासाने जून २०२४ मध्ये स्पेसएक्सला दिले. आज चौथीत असलेल्या मुलाला हे सगळ्यात ठळक यान पाहायला फार वर्षे उरलेली नाहीत. भारताचे स्वतःचे स्थानक २०३५ च्या सुमारास उभे करण्याचा इस्रोचा बेत आहे. त्यात काम करणारे आज कुठल्यातरी वर्गात बसलेले असतील, मग ते जालन्यातल्या का नसावेत?

तेव्हा आज मगरिबनंतर मोबाइलवर आपल्या गावाचे ठिकाण भरा आणि पुढच्या फेरीची वेळ पाहा. वही आखून ठेवा. पहिल्या दहा फेऱ्यांच्या नोंदी झाल्या की त्या मुलांच्या हस्ताक्षरातच आमच्याकडे पाठवा. वेळ, दिशा आणि उंची हे तिन्ही रकाने भरलेले असावेत.